नवा महागडा लॅपटॉप आणि आपलं खान्देशातलं ऊन : पहिले अनुभव लिहा

लाख-दीड लाखाचा लॅपटॉप घेणारे आता माझ्या ओळखीतच बरेच झालेत. घेण्याआधी सगळे परीक्षणं बघतात, पण ती एसीच्या खोलीत केलेली असतात. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी वापराचं तापमान १० ते ३५ अंश सांगतं. मे महिन्यात जळगावात बाहेर ४४-४५ असतं आणि स्लॅबच्या घरात दुपारी आतही ३५ च्या वरच. म्हणून हा धागा. वेगाचे आकडे नकोत. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत आपल्या घरात, आपल्या लाइटवर, आपल्या कामाला तो कसा वाटला ते लिहा. मॉडेल नाही सांगितलं तरी चालेल. काम कशाचं आणि रॅम किती, एवढं मात्र सांगा.

सुरुवात मीच करतो. मी घरांचे प्लॅन आणि थ्रीडी व्ह्यू करतो. ३२ जीबी रॅम, १ टीबी डिस्क, वेगळं ग्राफिक कार्ड, ओलेड स्क्रीन. सगळ्यात आधी मनात भरली ती स्क्रीन. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे काळं ते खरंच काळं दिसतं. गिऱ्हाईक समोर बसून भिंतीचे रंग निवडतं तेव्हा हा फरक त्यालाही कळतो, मला सांगावा लागत नाही.

दुसरी गोष्ट चार्जर. २४० वॅटचा, हातात घेतला की वजन जाणवतं. तो लावलेला असेल तरच ग्राफिक कार्ड पूर्ण ताकदीने चालतं, कारण नुसती बॅटरी एवढी वीज एकदम देऊ शकत नाही. साइटवर नेला की मी फक्त दाखवण्याचं काम करतो, रेंडर, म्हणजे थ्रीडीचं अंतिम चित्र तयार करणं, घरी. तेही पहाटे. त्या वेळी पंखे निम्म्या आवाजात चालतात आणि काम लवकर संपतं. उन्हाळ्यात माझ्या दिवसाचं वेळापत्रकच बदललं आणि मला ते आवडलं.

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सांगतो, १ टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबी दाखवतं. काही कमी दिलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

भुसावळ, लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग

दादा, धागा वेळेवर काढला. ॲपलच्या स्वतःच्या एम-चिपचा मॅकबुक प्रो, ३६ जीबी रॅम.

आमचे आताचे कॅमेरे १० बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगांचा जास्त बारकावा राखून, रेकॉर्ड करतात. रंग सुधारायला हा प्रकार फार चांगला, पण जुन्या मशीनवर टाइमलाइन जागची हलायची नाही. आधी रात्रभर हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, करून ठेवायच्या आणि सकाळी कामाला बसायचं. आता कार्ड लावलं की हळदीपासून पाठवणीपर्यंत कुठेही बोट ठेवा, चित्र लगेच हजर. पहिल्या दिवशी मी नुसताच पुढे-मागे करत बसलो होतो. चिपमध्ये व्हिडिओ उलगडण्यासाठी वेगळा भाग असतो, तो हे काम करतो. आमच्या धंद्यातल्यांनी हे नीट तपासून घ्या. महागडं ग्राफिक कार्ड आहे म्हणजे ही सोय असेलच असं नाही. एनव्हिडियाने ४:२:२ ची सोय आपल्या ग्राफिक कार्डांच्या ५० मालिकेपासून दिली. इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच चिपमध्ये ती आहे.

बॅटरीवरही वेग तोच राहतो, हे आमच्यासाठी मोठं. मंगल कार्यालयातली लाइट गेली तरी संध्याकाळच्या रिसेप्शनचा छोटा व्हिडिओ थांबत नाही.

एकच विनंती, रॅम घेतानाच पुरेशी घ्या. यात ती चिपसोबतच बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

शहाद्याजवळचं गाव, जि. प. शाळेत शिक्षिका

माझा अनुभव लाइटचा. संध्याकाळी डीपीवर लोड आला की आमच्याकडे पंखा हातानं थांबवता येईल इतका मंद फिरतो. लॅपटॉपचं काय होणार ही धास्ती होती, स्टॅबिलायझर घ्यायचाही विचार चालला होता. मग चार्जरवरचं बारीक अक्षर वाचलं : १०० ते २४० व्होल्ट. म्हणजे व्होल्टेज १७० वर आलं तरी चार्जर आपलं काम करतो. आणि खरंच, घरातला बल्ब पिवळा पडलेला असताना लॅपटॉप मात्र व्यवस्थित चार्ज होत होता. क्षणभर एकदम उसळणाऱ्या व्होल्टेजची गोष्ट वेगळी, त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड लावलाय. पावसाळ्यात सातपुड्याकडून वीज कडकडू लागली की तरीही पिन काढून ठेवते.

दुसरी गोष्ट अर्थिंग. लॅपटॉपची बॉडी ॲल्युमिनियमची आहे. चार्जिंगला लावून मनगट टेकवलं की झिणझिण्या यायच्या. टेस्टर लावला तर बारीक उजेडही पडला. मुलांना हात लावू द्यायची भीती वाटली. वायरमन दादांनी समजावलं की दोन पिनांच्या चार्जरमध्ये अर्थिंगची वाट नसते. आतल्या कपॅसिटरमधून अगदी थोडा करंट बॉडीपर्यंत येतो, जिवाला धोका नाही, पण जाणवतो. त्याच चार्जरची तीन पिनांची वायर वेगळी मिळते, ती आणली. तरीही झिणझिण्या येतच राहिल्या, कारण घराचं अर्थिंगच कोरडं पडलं होतं. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पाणी सोडलं, जोड घासून पुन्हा आवळला आणि त्रास थांबला. त्यामुळे फ्रिज आणि मोटारीचंही अर्थिंग नीट झालं. हजारोंची वस्तू घरात आणण्याआधी अर्थिंग तपासा, हे मी आता शाळेतल्या प्रत्येकाला सांगते.

चोपडा, डीटीपी आणि लग्नपत्रिका

थोडक्यात लिहितो. आमच्या कामाचे जुने मराठी फॉन्ट आणि त्यांचे की-बोर्ड विंडोजवरचे. एम-चिपच्या मॅकमध्ये बूटकॅम्प, म्हणजे मॅकवर विंडोज टाकायची ॲपलची सोय, नाही, म्हणून विंडोजचाच घेतला. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बदलणं आलंच होतं. युनिकोडसाठी मराठी फोनेटिक की-बोर्ड विंडोजमध्येच आहे, वेगळं काही टाकावं लागलं नाही. पत्रिकेची मोठी फाइल क्षणात उघडते. गिऱ्हाईक उभं असताना त्याचं मोल कळतं.

धुळे, पुण्यातल्या कंपनीचं काम घरून

शहाद्याच्या ताईंना दुजोरा. आमच्याकडेही पहिलं काम अर्थिंगचंच केलं.

मी दिवसभर चार्जर लावूनच बसतो. म्हणून पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवलं. लिथियमची बॅटरी दोन गोष्टींनी लवकर म्हातारी होते : उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेलं राहणं. उष्णता आपल्या हातात फारशी नाही, दुसरी आहे. नव्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ही सोय असते, शोधा.

कूलरबद्दल. खोलीत कूलर हवाच, पण त्याची हवा सरळ लॅपटॉपवर घेऊ नका. टाकी नुकती भरली की जाळीतून बारीक थेंब उडतात. मी टेबल आडवं फिरवलं, एक खिडकी उघडी ठेवली. लॅपटॉप मागून उचललेला, खालची जाळी मोकळी. गादीवर, उशीवर कधीच नाही. एवढ्यावर भर दुपारीही मीटिंग आणि कोडिंग सुरळीत चालतं. पंखा ऐकू येतो, पण समोरच्याला जात नाही, माइक तेवढा आवाज गाळून टाकतात.

रावेर, केळी बागायतदार

लॅपटॉप मुलीचा, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. अनुभव बापाचा आहे, चालेल ना भाऊ?

खरेदीत मी एका गोष्टीवर अडून बसलो. घरी येऊन दुरुस्ती करू म्हणतात, ती आपल्या गावात खरोखर मिळते का? कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकून बघता येतं. एका मॉडेलला आमच्या पिनकोडवर ती सोय नव्हती, ते सोडलं. पडझडीचं संरक्षण वेगळे पैसे देऊन घेतलं, कारण पोर एसटीने जाते-येते. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. कुणाची नोंदणी असेल आणि वस्तू धंद्यासाठी असेल तर बिल आपल्या जीएसटी नंबरावर करून घ्या.

आता पोर रात्री ओट्यावर बसून प्रोग्रॅम लिहिते आणि मला समजावून सांगते. सगळं कळत नाही, पण ती किती मनापासून सांगते ते बघायला मी रोज तिथे बसतो.

अमळनेर, अहिराणी गाणी जमवतो

माझा लॅपटॉप बिनपंख्याचा, १६ जीबी. मला हवी होती शांतता. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आपली खान्देशची देवी, घरोघरी बसते. त्या वेळची गाणी म्हणणाऱ्या बाया आता थकल्यात, त्यांचा आवाज टिपून ठेवायचा आहे. जुन्या लॅपटॉपचा पंखा प्रत्येक गाण्याच्या मागे घरघरत असायचा आणि तो काढायला गेलं की बायांच्या आवाजातला दाणाही जायचा. आता रेकॉर्डिंगमध्ये फक्त त्यांचा आवाज, बांगड्या आणि लांबून येणारी शेळी. शेळी मी ठेवतो.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका माइकवर तासाला साधारण ५२० एमबी लागतात. त्यामुळे ५१२ जीबी मला भरपूर झाली, जास्तीचे पैसे चांगल्या माइकला दिले. भर उन्हाळ्यात बिनपंख्याचं मशीन जड कामाला मंदावतं, हे खरं. रेकॉर्डिंग हे जड काम नाही. ओसरीवर, सावलीत, तास-तासभर विनातक्रार चालतं. परवा एका आजीनं हेडफोन लावून स्वतःचंच गाणं ऐकलं आणि म्हणाली, "आते आखो एक म्हनी दाखाडस." म्हणजे, आता आणखी एक म्हणून दाखवते.