मदत हवी आहे: आजारी भावंडाला सांभाळणाऱ्यांचा एखादा गट माहीत आहे का?

निशिगंध
तो झोपलाय तोवर घाईने लिहितेय.

धाकटा भाऊ बरीच वर्षं आजारी आहे. आई गेल्यापासून त्याचं सगळं माझ्याकडे. वडील आहेत, पण आता त्यांच्याच्याने होत नाही. डॉक्टर चांगले मिळालेत, औषधं चालू आहेत, पैशांचं कसंबसं भागतंय. तेव्हा कृपा करून दुसरा डॉक्टर किंवा दुसरी पॅथी सुचवू नका.

मला माणसं हवी आहेत. ज्यांच्या घरात सख्खा भाऊ किंवा सख्खी बहीण अशी आहे आणि जे स्वतः करतात, ते कुठे भेटतात? आईवडिलांचे गट असतात असं ऐकलंय. पण आईचं करणं वेगळं आणि बहिणीचं वेगळं. नातेवाईक लग्नकार्यात "कसा आहे आता?" विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पंगतीला निघतात. मैत्रिणींनाही तेच तेच किती सांगणार?

दुसरं, आठवड्यातून दोन तास कुणी त्याच्यापाशी बसेल अशी काही सोय असते का? रविवारी मला बाहेर पडता येण्यासारखं आहे, म्हणून लवकर सांगा.

परळकर
ताई, टाटाला दाखवताय का? परळला नाना पालकर स्मृती समितीत रुग्ण आणि सोबत्याची राहायची सोय होते. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. माझ्या थोरल्या भावाच्या वेळी आम्ही धर्मशाळेतच होतो. खरी माणसं तिथे भेटतात. कुणी बीडचं, कुणी बिहारचं. एकाचा पेशंट केमोला गेला की दुसरा त्याचा डबा सांभाळतो. आणखी एक, रेल्वेचा सवलतीचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्या. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीला तिकीट पूर्ण माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते.

शब्दवेल्हाळ
आजार कोणता? गाव कोणतं? भावाचं वय काय? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

डोंबिवली_फास्ट
डायलिसिस असेल तर आमच्या इकडे एक ट्रस्ट कमी दरात करतं, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निशिगंध
कॅन्सर नाही, किडनीही नाही. स्किझोफ्रेनिया आहे. औषध बंद झालं की पुन्हा आवाज ऐकू येतात, शेजारचे आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटतं. औषध चालू असलं की आवाज कमी, पण मग दिवसदिवस पडून असतो. अंघोळीसाठी रोज मागे लागावं लागतं. आम्ही साताऱ्यात असतो. तो ३४ वर्षांचा आहे. परळकर, तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत, धन्यवाद. अशी धर्मशाळा आमच्यासारख्यांना नाही, त्याचंच वाईट वाटतं.

कृष्णाकाठ
आता नीट कळलं. पुण्यात 'सा' आहे, स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी ती १९९७ मध्ये सुरू केली. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता, त्यामुळे घरच्यांचे हाल त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. तिथे आजारी माणसाला 'शुभार्थी' म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर'. शुभंकरांचे स्वमदत गट असतात. मी माझ्या बहिणीसाठी जात असे. पहिल्या दिवशी एका गृहस्थांनी विचारलं, "रात्री झोप होते का तुमची?" तोवर सगळे बहिणीच्या झोपेची चौकशी करत. माझ्या झोपेची कुणी केली नव्हती. वार आणि वेळ फोन करून विचारा, मगच निघा.

आनंदयात्री
माझं मत जरा वेगळं आहे. असल्या गटांत सगळे आपापली दुःखं उगाळतात आणि माणूस घरी आणखी खचून येतो. मुलगा ३४ चा आहे, एखादी समजूतदार, गरीब घरची मुलगी बघून लग्न लावून द्या. जबाबदारी पडली की मन लागतं. आमच्या भावकीत असंच एक उदाहरण आहे. शिवाय एकदा बाहेरचंही बघून घ्यायला हरकत नाही.

वेण्णा
आनंदयात्री, त्या गरीब घरच्या मुलीने काय पाप केलंय? आजार लपवून लग्न लावायचं, मग गोळ्या लपवायच्या, गोळ्या चुकल्या की आजार उसळतो आणि खापर फुटतं सुनेच्या पायगुणावर. आमच्याच गल्लीत हे पाहिलंय. आणि बाहेरचं बघण्यात वर्षं जातात. पहिल्या झटक्यानंतर उपचाराला जितका उशीर, तितकं सावरणं कठीण होतं.

निशिगंध, पुण्याला जायच्या आधी साताऱ्यातच बघा. 'परिवर्तन' संस्था तुमच्याच गावात आहे. व्यसनमुक्तीसाठी लोकांना माहीत आहे, पण मानसिक आरोग्याचंही काम करते. डॉ. हमीद दाभोलकर स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. या मंडळींनी अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) कार्यकर्त्यांना शिकवून 'मानसमित्र' तयार केले. ते डॉक्टर नसतात. घरच्यांशी बोलतात, उपचारात खंड पडू नये म्हणून पाठपुरावा करतात. तिथे जाऊन "मला मानसमित्राशी बोलायचंय" एवढंच म्हणा.

आनंदयात्री
मी फसवून लग्न लावा असं कुठे म्हटलं? सांगून सवरून करणारेही असतात. प्रत्येकाचा अनुभव निराळा.

शब्दवेल्हाळ
सांगून सवरून केलेली लग्नं टिकलेली मीही पाहिली आहेत, ते खरं. पण इथे विचारणारीने लग्नाचं विचारलेलंच नाही.

हिशेबवही
मी बँकेतून निवृत्त झालोय, म्हणून कागदपत्रांचं सांगतो. नंतर धावपळ होते.

१. दिव्यांग प्रमाणपत्र काढलंय का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. सिव्हिलला तपासणी होते. स्वतःची निगा, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टी पाहून टक्के ठरवतात. ४० च्या वर आले की बऱ्याच गोष्टी खुल्या होतात.

२. तुम्ही नोकरीत असाल आणि तो तुमच्यावर अवलंबून असेल तर आयकराच्या ८०डीडी कलमाखाली ७५,००० ची वजावट मिळते. ८० टक्क्यांच्या वर असेल तर १,२५,०००. यात भावंडंही धरतात. मात्र जुनी करप्रणाली घेतली असेल तरच.

३. नॅशनल ट्रस्टकडून कायदेशीर पालकत्व घ्या आणि त्यांचाच निरामय आरोग्य विमा काढा.

कृष्णाकाठ
हिशेबवही, तिसरा मुद्दा चुकला. नॅशनल ट्रस्टचा १९९९ चा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठीच आहे. स्किझोफ्रेनिया त्यात येत नाही, निरामयही मिळत नाही. ती फाईल घेऊन मी खूप फिरलोय, आणखी कुणी फिरू नये.

हिशेबवही
बरोबर आहे, ते चारच आहेत. मग उपचाराच्या निर्णयांसाठी कोण?

समुपदेशक_सांगली
त्यासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात 'नामनिर्देशित प्रतिनिधी' आहे. भाऊ बरा असताना त्याने साध्या कागदावर लिहायचं की माझ्या उपचारांबाबत बहिणीने माझ्या वतीने बघावं, आणि सही करायची. उद्या दाखल करायची वेळ आली की तो कागद उपयोगी पडतो. मालमत्तेशी त्याचा संबंध नाही, तो विषय वेगळा. निशिगंधताई, हा कागद त्याच्याशी बोलून करा, त्याच्या अपरोक्ष नको. तुम्ही त्याला विचारताय हे त्याला कळणं फार मोलाचं आहे.

आणि अंघोळ न करणं, पडून राहणं हा आळस नाही. आजारातच ते येतं. आवाज गोळ्यांनी कमी होतात, हे मात्र गोळ्यांनी हळू हटतं. घरचे यावरूनच सर्वांत जास्त चिडतात आणि घरात सतत टोमणे, भांडणं असली की आजार पुन्हा उसळायची शक्यता वाढते. सांभाळणाऱ्याला मोकळं व्हायला जागा लागते ती याचसाठी.

निशिगंध
समुपदेशक, हा आळस नाही हे मला माहीत आहे, पण कुणीतरी तसं लिहिलेलं वाचून बरं वाटलं. काका परवाच म्हणाले, "तू लाडावून ठेवलंयस."

वेण्णा, परिवर्तन घरापासून लांब नाही. तिथे फक्त दारूचं बघतात असं वाटत होतं. उद्या जाते.

कृष्णाकाठ, तुमच्या गटात भावंडं किती होती? सगळे आईवडीलच असतील तर मला तिथे अवघडल्यासारखं होईल. त्यांची काळजी असते, "आमच्या पश्चात काय?" आणि ते पश्चात म्हणजे मीच ना! माझ्या पश्चात कोण, हे मी कुणाला विचारू? मला लग्न करायचं होतं. अजूनही करायचंय. हे घरात बोलले तर वडील गप्प होतात.

कृष्णाकाठ
आईवडील जास्त, हे खरं. भावंडं आम्ही थोडेच होतो. पण चहाच्या वेळी आम्ही एका बाजूला व्हायचो आणि जे वडीलधाऱ्यांसमोर निघत नसे ते तिथे निघायचं. लहानपणी सगळं लक्ष आजारी भावंडाकडे गेलं याचा राग, आपण धडधाकट राहिलो याची टोचणी, आपल्यालाही होईल का ही भीती. आपल्या मुलांना होईल का, हेही.

ठाणेकर_मी
ठाण्याला आय.पी.एच. आहे, इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली. तिथेही शुभंकरांसाठी बरंच काम चालतं. पण मी म्हणतो, साताऱ्याहून एवढी ये-जा कशाला? व्हॉट्सॲपवर गट काढा, रात्री ११ ला जीव घुसमटला तर लगेच लिहिता येतं. दिवसा रात्री केव्हाही टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीला १४४१६ वर फोन लावा, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

वेण्णा
टेलिमानस चांगलं आहे, मी स्वतः वापरलंय. पण व्हॉट्सॲप गटाला माझा विरोध आहे. आमच्या एका गटात एकाने भावाचा चिडलेला असतानाचा व्हिडिओ टाकला. तो गावभर झाला. आजारी माणसाची अब्रू आपल्या हातात असते.

ठाणेकर_मी
नियम घातले की होतं. फोटो-व्हिडिओ बंद, नावं बंद. समोरासमोर भेटायला सगळ्यांना जमतंच असं नाही. ज्याला दोन तास घराबाहेर पडता येत नाही त्याला पुण्याचा गट सांगून काय उपयोग?

डोंबिवली_फास्ट
सातारा-पुणे एसटीने जा, बायकांना अर्धं तिकीट आहे. गाडी मात्र पहाटेची धरा, रविवारी खंबाटकीला अडकलात तर गट संपल्यावर पोचाल.

परळकर
संध्याकाळी परतताना तर त्याहून वाईट. बोगद्याचं नवं काम पूर्ण झालं का?

शब्दवेल्हाळ
अवांतर होतंय. दोन तास बसायला माणूस, या प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला नाही.

सज्जनगड_पायथा
घालतो. रुग्णसेवक पुरवणाऱ्या ब्युरोतून माणूस मागवू नका. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ते ठीक, पण आपल्याकडे अनोळखी माणूस घरात आला की संशय वाढतो. आम्ही असं केलं. माझा भाऊ बुद्धिबळ बरा खेळतो. शेजारच्या निवृत्त गुरुजींना म्हटलं, तुम्ही खेळायला या. आधी मी घरात असतानाच आले, असे काही आठवडे गेले. मग मी दुकानापर्यंत जाऊन यायला लागलो. मग तासभर. त्यांना आजाराचं नाव आधीच सांगितलं होतं आणि काय झालं तर कुणाला फोन करायचा तेही. सांभाळायला या म्हटलं असतं तर कदाचित आले नसते. तुमच्या भावाला काय आवडतं?

निशिगंध
रेडिओ दुरुस्ती. आयटीआय झालाय त्याचा, पहिल्या झटक्याआधी दुकानात काम करायचा. अजून जुने रेडिओ उघडून बसतो, चांगल्या दिवशी.

सज्जनगड_पायथा
मग सोपं आहे. साताऱ्यात जुने रेडिओ जपणारे आहेत, माझ्या ओळखीत एक आहेत. त्यांना विचारून व्यनि करतो. वचन देत नाही, आधी विचारतो.

कराडची_मी
मी इथे फक्त वाचायला येते, आज पहिल्यांदा लिहितेय. माझी थोरली बहीण. हाच आजार. आई आहे, पण थकली. निशिगंध, ते पश्चातचं वाचून मी मोबाईल खाली ठेवला आणि परत उचलला. कराड-सातारा तासाभराचं अंतर. मला महिन्यातून एकदा साताऱ्याला यावंच लागतं. भेटूया का? गट वगैरे नाही, आपण दोघी.

निशिगंध
हो. हो, नक्की. व्यनि करते.

हिशेबवही
एक राहिलं. वडील कुठून निवृत्त झाले? सरकारी किंवा जिल्हा परिषदेची पेन्शन असेल तर मानसिक आजारामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. सिव्हिल सर्जनच्या दर्जाच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. वडील हयात असतानाच नाव नोंदवून घ्या, नंतर सिद्ध करणं फार जिकिरीचं होतं.

निशिगंध
जिल्हा परिषद शाळेत होते. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. नोंदवायला कुठे जायचं? पंचायत समितीत की जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात?

हिशेबवही
ज्या तालुक्यातून निवृत्त झाले तिथल्या पंचायत समितीच्या शिक्षण विभागात आधी विचारा, सेवापुस्तकाच्या नोंदी तिथून निघतात. पेन्शनचा आदेश आणि भावाचं जन्मतारखेचं कागदपत्र बरोबर ठेवा. वडिलांना सोबत न्या, सही लागेल.