वर्गातले विज्ञानप्रयोग: फसतात कुठे आणि का?

सातवी-आठवीचे नेहमीचे प्रयोग घेताना काय बिघडतं, ते साहित्य, मापं आणि कारणासकट इथे दिलंय.

द्रवांची विद्युतवाहकता
मिठाच्या पाण्यात टॉर्चचा बल्ब पेटत नाही आणि मुलं वहीत ‘दुर्वाहक’ लिहून मोकळी होतात. बल्बला दोन-तीनशे मिलिअँपिअर लागतात; तेवढी धारा या मांडणीत मिळतच नाही. लाल एलईडीला पाच-दहा पुरतात. पण दोन सेलवर तीही धड लागत नाही, कारण साधारण 2 व्होल्ट एलईडी घेते आणि जवळपास तेवढेच द्रवात बुडवलेल्या पेन्सिलींच्या शिशांवर वायू सुटायला लागतात. म्हणून 9 व्होल्टची बॅटरी घ्या, 470 ओहमचा रोध (रेझिस्टर) एकसरीत जोडा आणि एलईडीचा लांब पाय धन टोकाकडे ठेवा. रोध विसरलात आणि टोकं एकमेकांना टेकली की एलईडी गेलीच. द्रवात बुडवायला दोन्ही बाजूंनी तासलेल्या दोन पेन्सिली, मध्ये 1 सेंमी अंतर. तांब्याची तार नको. ती विरघळून पाणी हिरवट होतं.

याला जोडून
क्रम महत्त्वाचा: आधी ऊर्ध्वपातित पाणी, मग साखरेचं, नळाचं, लिंबाचं, शेवटी मिठाचं. उलटं केलंत तर पेन्सिलीला चिकटलेलं मीठ साखरेच्या पाण्यातही एलईडी लावतं. ऊर्ध्वपातित म्हणून बाटलीबंद पिण्याचं पाणी चालणार नाही, त्यात क्षार असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी आणा. मिठाच्या पाण्यात धन टोकाशी थोडा क्लोरीन सुटतो. खिडक्या उघड्या ठेवा, दहा सेकंदांत आटपा.

मेणबत्ती आणि पेला
ताटलीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती ठेवून वर पेला पालथा घातला की ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढतं. ‘ऑक्सिजन संपला म्हणून पाणी चढलं’ हे कृपया शिकवू नका. पेला पालथा घालताना त्याच्या काठाकडे बघा: बुडबुडे निसटतात. ती तापून फुगलेली हवा. आणि पाणी झपकन चढतं ते ज्योत विझल्यावर, आतली हवा गार होऊन दाब घटतो तेव्हा. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ऑक्सिजन तेवढाच, पाणी मात्र जास्त चढतं.

डबा चेपण्याचा प्रयोग
शीतपेयाच्या रिकाम्या 300 मिलीच्या ॲल्युमिनिअमच्या डब्यात दोन मोठे चमचे पाणी घालून तापवा. वाफ दिसली की लगेच उचलू नका, मिनिटभर जोरात येऊ द्या. आत हवा उरली तर डबा पुरता चेपत नाही, नुसता थोडा पिचकतो. चिमट्याने धरून तोंड खाली करून गार पाण्यात बुडवा. तोंड वर राहिलं तर बाहेरची हवा आत शिरते आणि काहीच होत नाही. झाकणाचा डबा बूच लावून कधीही तापवायचा नाही.