कोणती शर्यत, कुठे बसून पाहिलीत?

गोदाकाठची
आज सर्वपित्री. सकाळपासून वडे, खीर, कढी, गवार-भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. कावळा काही येईना. आमच्या इंदिरानगरात कावळे उरलेत कुठे? शेवटी गायीला घातलं. सगळं आवरून पानावर बसायला साडेतीन झाले. चारच्या सुमारास मी मोबाइल तांब्याला टेकवला आणि टोकियोच्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेतली बायकांची ८०० मीटरची फायनल लावली.

बाबा पीटीचे सर होते. त्यांची निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे, तिच्यात नुसते आकडे. पेपरात पळण्याची वेळ छापून आली की ती वहीत जायची. एका पानावर आहे: जागतिक स्पर्धा, हेलसिंकी १९८३, ८०० मी., क्रातोख्विलोव्हा, १:५४.६८. खाली लाल रेघ. दर जागतिक स्पर्धेला बाबा ते पान काढायचे आणि म्हणायचे, "बघू, यंदा मोडतो का." मोडला नाही. बाबाच गेले.

आज केनियाची मोरा सुरुवातीपासून सुसाट. शेवटच्या वळणावर मला वाटलं ब्रिटनची हॉजकिन्सन नेणार. आणि मागून केनियाचीच लिलियन ओडिरा आली ती थांबलीच नाही. १:५४.६२! ४२ वर्षांचा स्पर्धाविक्रम, ६ शतांश सेकंदांनी. दोन मुलांची आई आहे ती. हातातला वडा हातातच राहिला. घरचे विचारतायत काय झालं, काय झालं. काय सांगू?

तर सांगा. कोणती शर्यत, कुठे, कोणाबरोबर पाहिली? क्रिकेट नको हं, त्याला बाकी जग पडलंय.

निफाडची थंडी
बोल्ट, १०० मीटर, बर्लिन, ऑगस्ट २००९. पाऊस नव्हता त्या वर्षी. आमच्याकडे थ्री फेज लाइट रात्रीची, त्यामुळे मोटर चालू करायला जागंच राहावं लागायचं. म्हटलं चला, जागाच आहे तर शर्यत बघू. एक वाजून गेलेला. आठही जण वाकले, पाठी वर झाल्या आणि लाइट गेली.
अंधारात बसलो. पाचेक मिनिटांनी मित्राचा एसेमेस, "९.५८". मी उलट टाकलं, आकडा नीट टाक भो. बीजिंगला ९.६९ होतं, एका वर्षात ११ शतांश कोण तोडतं? दुसऱ्या दिवशी खरं कळलं. १६ वर्षं झाली, अजून कोणी जवळ गेलेलं नाही. मोटर पण जळाली त्या रात्री, ते वेगळंच.

कडक मिसळ
कविता राऊत. दिल्ली २०१०. विषय संपला.

लेन नंबर आठ
@गोदाकाठची, एक दुरुस्ती म्हणा हवी तर. आज मोडला तो जागतिक स्पर्धेचा विक्रम. विश्वविक्रम अजून क्रातोख्विलोव्हाचाच, १:५३.२८, म्युनिक, जुलै १९८३. बायकांच्या ट्रॅकवरचा सगळ्यात जुना.

गोदाकाठची
हो हो, तो वेगळ्या पानावर आहे. त्याला दोन रेघा आहेत.

सातपूर सेकंड शिफ्ट
पॅरिस ऑलिंपिक २०२४, पुरुष १०० मीटर. शिफ्ट सुटून घरी यायला बारा. बायको-पोरगी झोपलेली. आवाज एकवर ठेवून टीव्हीला नाक लावून बसलो. सव्वा वाजता धावले. जमैकाचा थॉम्पसन जिंकला असं मी ठरवूनच टाकलं. अमेरिकेचा लाईल्सपण त्याच्याकडे बघून तेच म्हणत होता बहुतेक. मग बोर्डावर लाईल्स! ९.७८४ आणि ९.७८९. तीस मीटरला शेवटचा होता हो तो पठ्ठ्या. मी ओरडलो, पोरगी उठली, मग तीनपर्यंत तिला खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या.
आमच्या गेटवर एक मिनिट उशीर झाला तर पंचिंग मशीन लाल दाखवतं. तिथे ५ सहस्रांश. सुपरवायझरला सांगितलं तर म्हणे, बघ, वेळेचं महत्त्व.

कुकरची तिसरी शिट्टी
😂 सुपरवायझर सगळीकडे सारखेच

हरसूल घाट
कडक मिसळ भाऊ, विषय कसा संपला? आत्ता कुठे सुरू झाला. मी लिहितो.

मी तेव्हा नाशकात शिकायला होतो. खोलीवर टीव्ही नाही. आम्ही चौघं हरसूलकडचेच, महात्मा गांधी रोडवर टीव्हीच्या एका दुकानाबाहेर उभे राहिलो. आत सात-आठ टीव्ही, सगळ्यांवर तीच शर्यत. मालकाने आधी हाकललं. एक जण म्हणाला, "शेठ, सावरपाड्याची पोरगी पळतेय, आमच्याकडची." तेव्हा कुठे तो वळून बघायला लागला.

१०,००० म्हणजे २५ फेऱ्या. रस्त्याने जाणारा दर माणूस थांबणार, विचारणार "कोण पुढे आहे", दोन फेऱ्या बघणार, कंटाळून जाणार. आम्ही मात्र फेऱ्या बोटांवर मोजतोय. केनियाच्या दोघी केव्हाच पुढे निघून गेल्या. तिसरी कविता. मागून कोणी येतंय का एवढंच बघायचं. शेवटच्या चार फेऱ्या आमच्यातला एक जण रस्त्याकडे तोंड करून उभा, त्याला बघवेना. आम्ही त्याला सांगायचो, "आहे, अजून आहे." ३३:०५.२८.

एक काका म्हणाले, "तिसरी? म्हणजे हरलीच की." त्यांना धरून समजावलं, की राष्ट्रकुलमध्ये ट्रॅकवर भारतीय बाईला वैयक्तिक पदक आजवर मिळालंच नव्हतं, हे पहिलं. काका म्हणाले, "असं होय, मग आधी सांगायचं ना." दुकानाचा मालक म्हणाला, "झालं ना? आता घ्या एखादा टीव्ही."

पुढच्याच महिन्यात ग्वांगझूला एशियाडचं रौप्य, ३१:५१.४४. म्हणजे दीड महिन्यात सव्वा मिनिटाच्या आसपास वेळ कमी. सोनं आपल्याच प्रीजा श्रीधरनला, कविताचं ते एका सेकंदापेक्षा कमी फरकाने हुकलं. ती शर्यत नाही पाहिली, त्या दिवशी पेपर होता.

कडक मिसळ
भाऊ, डोळ्यांत पाणी. माझा 'विषय संपला' मागे घेतो.

जुना नाशिककर
१९८४, लॉस एंजेलिस ऑलिंपिक, ४०० मी. अडथळे. पी. टी. उषा. ५५.४२. तिसरी ५५.४१.
एवढंच लिहितो. अजून दुखतं.

कुकरची तिसरी शिट्टी
कोणी सांगेल का, ८०० ला आधी आपापल्या लेनमध्ये पळतात आणि मग सगळ्या एकदम आत का घुसतात? मुलगा विचारतोय आणि मी "नियम आहे" म्हणून गप्प केलंय.

लेन नंबर आठ
पहिलं वळण लेनमध्ये, म्हणजे धक्काबुक्की होत नाही. १०० मीटरनंतर ट्रॅकवर एक वाकडी रेघ असते, तिथून आत यायला मोकळीक. पण बाहेरच्या लेनवालीने चटकन आत नाही घुसायचं, तिरकं सावकाश यायचं, नाहीतर फुकटचं अंतर पडतं. १५०० ला लेनच नाहीत, पावणेचार फेऱ्या, सगळी गर्दी.
आणि एक. या स्पर्धांना वेग लावून देणारा भाड्याचा धावपटू नसतो, म्हणून १५०० कधी वाऱ्यासारखी तर कधी बैलगाडीसारखी. पॅरिसला हॉकर ३:२७.६५, परवा टोकियोत पोर्तुगालचा नाडेर ३:३४.१० ला जिंकला. वाइटमन दोन शतांशांनी मागे. साडेसहा सेकंद हळू, पण शेवटच्या शंभरात माझी छाती त्यांच्याइतकीच धडधडत होती.

कुकरची तिसरी शिट्टी
थँक्यू! आता माझा अनुभव. १५ ऑगस्ट २०१६, सकाळी सव्वासहा. मुलाचं झेंडावंदन. एका हाताने पांढऱ्या शर्टला इस्त्री, टीव्हीवर रिओची ४०० ची फायनल. तो व्हॅन नीकर्क आठव्या लेनमध्ये. आठव्या लेनवाल्याला पुढचं कोणी दिसतच नाही ना, सगळे मागे. एकटाच पळत सुटला, ४३.०३. मायकेल जॉन्सनचा १९९९ चा ४३.१८ चा विश्वविक्रम गेला. मग त्याची कोच दाखवली, ७४ वर्षांची पणजीबाई! सासूबाई देवपूजा सोडून आल्या. म्हणाल्या, "बघ, आणि तू मला गच्चीवर जाऊ देत नाहीस."
शर्टाची कॉलर करपली. पिवळ्या कॉलरने झेंडावंदन केलं त्याने.
त्याच दिवशी संध्याकाळी ललिता बाबरची स्टीपलचेस फायनल, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत ३००० मीटर. उषानंतर ३२ वर्षांनी ट्रॅकवर फायनलला पोचलेली आपली पहिली बाई, साताऱ्याची. दहावी आली. सासूबाई जेवण अर्धं ठेवून बघत होत्या.

निफाडची थंडी
सासूबाई गच्चीवर जातात का आता?

कुकरची तिसरी शिट्टी
रोज. वाळवणं राखायला. कोणाची हिंमत नाही बोलायची.

सिडकोतला बीडकर
साबळे! कोणीच कसं घेतलं नाही नाव? बर्मिंगहॅम राष्ट्रकुल २०२२. आमच्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा. केनियाचे तीन आणि आपला एक. १९९८ पासून स्टीपलचेसची तिन्ही पदकं केनियाचीच, दर वेळी. तो त्यांच्यात घुसला. ८:११.२०, किबिवोट ८:११.१५. अजून दहा पावलं असती तर... असो. त्रिमूर्ती चौकात मित्राच्या सलूनमध्ये बघत होतो, अर्धी दाढी झालेली. न्हावी वस्तरा हातात घेऊन उड्या मारत होता. मी फेस लावलेला बसलो जीव मुठीत धरून.
यंदा दुखापतीमुळे टोकियोला नव्हता. परत येईल.

सातपूर सेकंड शिफ्ट
त्रिमूर्ती चौकात कोणतं सलून? चांगलं कापतात का?

सिडकोतला बीडकर
उड्या मारत नसतील तर चांगलं कापतात.

तिसरी घंटा
बघितलेली नाही, पळालेली सांगू का? तालुक्याची शालेय स्पर्धा, चुन्याने आखलेला २०० चा ट्रॅक, त्यात मधे एक दगड, त्याला वळसा घालून जायचं. १५०० होती. फेऱ्या मोजणारे गृहस्थ मधेच चहाला गेले. मी पहिला होतो. शेवटची फेरी म्हणून जीव तोडून पळालो, छाती पुढे काढून रेघ ओलांडली. ते चहा पिऊन आले, म्हणाले, "अजून एक आहे, चला चला." चौथा आलो. घरी सांगितलं तर आजोबा म्हणाले, चहा कोणी दिला त्याला, त्याच्यावर केस करू.
आजही टीव्हीवर शेवटच्या फेरीची घंटा वाजली की मला आधी चहा आठवतो.

जुना नाशिककर
😄 दगड कुणी हलवला नाही हे विशेष.

कडक मिसळ
टोकियोचं १०० कोणी पाहिलं की नाही? गेल्या रविवारी संध्याकाळी सातच्या आत झालं, पहिल्यांदा माणसाच्या वेळेला. सेव्हिल ९.७७. बोल्ट स्टँडमध्ये बसून नाचत होता. जमैकाला बोल्टनंतर पहिल्यांदा १०० चं सोनं, आणि दुसरा थॉम्पसनच. पॅरिसचं उट्टं निघालं. लाईल्स तिसरा. मग त्याने २०० मारलं, सलग चौथं, म्हणजे बोल्टची बरोबरी.

निफाडची थंडी
लाईल्स बोलतो फार.

कडक मिसळ
बोलतो पण पळतो. आपल्या गल्लीत नुसतं बोलणारे बघ.

हरसूल घाट
@गोदाकाठची, त्या वहीत अजून काय काय आहे?

गोदाकाठची
आत्ताच काढून बसलेय. भांडी तशीच आहेत. एका पानावर सोल, १९८८, बेन जॉन्सन, ९.७९, ठळक अक्षरात. आणि मग त्यावर अशी काट मारलीय की कागद फाटलाय. उत्तेजक सापडलं म्हणून तीनच दिवसांत पदक काढून घेतलं होतं ना. बाबा त्या दिवशी कोणाशी बोलले नव्हते म्हणे, आई सांगते.
१९६० मिल्खा सिंग, ४५.६, आणि कंसात "हाताने". हे मला कधी कळलंच नव्हतं.

लेन नंबर आठ
हातातल्या घड्याळाने लावलेली वेळ. इलेक्ट्रिक घड्याळाने ४५.७३ होती. सर पक्के होते!

कुकरची तिसरी शिट्टी
वहीचे फोटो टाका ना. आणि झोपा आता, उद्या घटस्थापना. मला पहाटे माती आणायचीय, त्यात कालिकेच्या दर्शनाला पण जायचं म्हणतायत घरचे.

सातपूर सेकंड शिफ्ट
कालिकेला पाचच्या आत जा, नंतर रांग मुंबई नाक्यापर्यंत.

तिसरी घंटा
धागा वर काढतोय. ४ × ४०० बद्दल कोणी लिहिलंच नाही! ओडिरा जिंकली त्याच संध्याकाळी, धो धो पाऊस, बोत्स्वाना २:५७.७६, अमेरिका ७ शतांशांनी मागे. आफ्रिकेतल्या देशाने पुरुषांची ही रिले जागतिक स्पर्धेत पहिल्यांदाच जिंकली. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये केबिनात्शिपीने बेंजामिनला गाठलं ते बघा एकदा. आणि त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी २९ सप्टेंबरला अख्ख्या देशाला सुट्टी दिलीय.

सातपूर सेकंड शिफ्ट
सुट्टी?? पगारी?

गोदाकाठची
मी त्या वेळी पत्रावळी उचलत होते, चुकली ती. आत्ता पाहिली. वहीत लिहिली. बाबांची पानं भरलीत सगळी, मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिली, ओडिराच्या खाली.

सातपूर सेकंड शिफ्ट
ताई, सुट्टीचं पण लिहा.