गायरानावर दहा हजार झाडं लावायची की नाही? (ता. माण, जि. सातारा)

माणदेशी_सून:
नमस्कार मंडळी. दहिवडीच्या बाजूला आमचं लहान गाव आहे, मी ग्रामपंचायत सदस्य आहे. गावाला चाळीसेक एकर गायरान आहे. एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीतून) तिथं दहा हजार रोपं लावून द्यायला तयार झालीय. जेसीबी, ठिबक, दोन उन्हाळ्यांचा टँकर, सगळं त्यांचं. रोपांत निम्मी उंदीरमारी (ग्लिरिसिडिया), बाकी गुलमोहर, काशीद वगैरे. सरपंच खूश, ग्रामसेवक खूश, पंधरा ऑगस्टला आमदारांच्या हस्ते कार्यक्रमसुद्धा ठरत आलाय.

घरात मात्र सासरे तोंड फिरवून बसलेत. आमची मेंढरं आहेत, त्यामुळं ह्यांना चराईचीच काळजी, असं गाव म्हणतं. परवा ते मला माळावर घेऊन गेले. उघड्या मुरमात माळटिटवीची चार अंडी होती. आजूबाजूच्या खड्यांसारखीच, मातकट, ठिपक्याठिपक्यांची. सासऱ्यांनी हात धरला नसता तर पाय पडला असता. तिथनं तीन हातांवर चर खणायला चुन्याची फक्की ओढलेली.

लांडगाही आहे. गेल्या पावसाळ्यात आमची दोन कोकरं नेली त्यानं. सासऱ्यांनी शिव्या घातल्या, पण विष टाकलं नाही. टाकणारे आहेत आजूबाजूला.

मला झाडांचा राग नाही हो. माणमधल्या बाईला सावलीची किंमत सांगायला नको. पण ग्रामसभेत उभं राहून "इथं झाडं नकोत" म्हटलं तर वेड्यातच काढतील. मुद्दे काय मांडू? कायद्यात काही आधार आहे का?

कोयनाकाठ:
ताई, फुकट मिळतंय ते घ्या! आमच्या पाटणकडं बघा कसं हिरवंगार आहे. झाडं असली की पाऊस येतो. टिटवी जाईल दुसरीकडं, पाखराला काय, सगळं रान मोकळं आहे.

माळरान_सांगली:
कोयनाकाठ दादा, पाटणला डोंगर ढग अडवतात म्हणून पाऊस आणि पावसामुळं जंगल. माण पडला डोंगराच्या आडोशाला, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. तिथं वीतभर मातीखाली मुरूम. त्या जमिनीला पेलतं ते गवत: कुसळी, पवन्या, मारवेल. मधूनच एखादी बोर, बाभूळ, हिवर. हे जंगल तुटून उरलेलं उजाड रान आहे असं सगळ्यांना वाटतं, सरकारी नकाशातसुद्धा असे माळ 'पडीक' म्हणून रंगवतात. खरं तर माळ हीच तिथली पूर्ण वाढलेली निसर्गव्यवस्था आहे.

आणि पाखरू जाईल कुठं? माळटिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी ही सगळी जमिनीवर अंडी घालणारी. त्यांना चारी बाजूंनी लांबवर दिसायला लागतं. झाडी दाट झाली की फांदीवर कावळा येऊन बसतो आणि खालची अंडी टिपतो. सावलीत गवत विरळ होतं, गवताबरोबर नाकतोडे जातात, नाकतोड्यांबरोबर त्यांच्यावर जगणारे हिवाळी पाहुणे भोवत्या ससाणे. खोकड आणि लांडगा उरतात ते उसाच्या नाहीतर मक्याच्या फडात, म्हणजे माणसाच्या तोंडावर. भारतात लांडग्यांचा अंदाज 3,100 च्या आसपास आहे. वाघासारखाच तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे, फक्त त्याचा वाघाइतका गाजावाजा होत नाही.

साताऱ्याजवळचंच उदाहरण द्या ग्रामसभेत. चाळकेवाडीच्या पठारावर 2018 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. पवनचक्क्या आहेत तिथं शिकारी पक्षी जवळजवळ चारपट कमी दिसले, आणि त्यांचा धाक गेल्यामुळं गळा फुगवणारे सरडे वाढले. त्या निळ्या-केशरी गळ्याच्या सरड्याची नवी जात म्हणून नोंदही त्याच पठारावरून झाली, 2016 मध्ये. 'रिकाम्या' पठारावर एक गोष्ट उभी केली तर साखळी खालपर्यंत हलते.

कायद्याचं म्हणाल तर जैवविविधता कायदा 2002, कलम 41. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडाझुडपांची, प्राणी-पक्ष्यांची नोंद) असायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाच्या (पर्यावरणाच्या खटल्यांचं न्यायालय) तगाद्यानंतर बहुतेक गावांत दोन्ही झाल्यात, कपाटात. तुमची नोंदवही काढायला लावा. त्यात माळाचं पान कोरं असणार, पैज लावतो. सासऱ्यांना बसवून ते भरून घ्या आणि समितीचं मत येईपर्यंत जेसीबी थांबवा, असा ठराव मांडा.

जतचा_मेंढका:
ताई, तुमचं सासरं बरोबर हायत. आमच्याकडं असंच लावलंय. उंदीरमारीला आमची मेंढरं तोंड लावत न्हाईत, आन् खाली गवात बी न्हाई. बोर्ड तेवढा ठसठशीत उभा हाय.

लांडग्याचं म्हणाल तर त्याच्यापरीस मोकाट कुत्री वंगाळ. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या माळावर फेकत्यात, त्यावर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्यात. ससं, तितराची पिल्लं, कोकरं, काय ठेवत न्हाईत. झाडं लावायच्या आधी ते बंद करा. आन् रातचा मुरूम उपसणारं ट्रॅक्टर पण.

माणदेशी_सून:
कोंबड्यांचं अगदी खरं. त्यात सदस्यच एक पोल्ट्रीवाले आहेत, म्हणून तो विषय कधी अजेंड्यावर येत नाही. 😀

सर, ठराव मांडते. पण कंपनी हातची घालवली असं व्हायला नको, नाहीतर पुढच्या निवडणुकीत तेच ऐकावं लागेल. त्यांना दुसरं काय सांगू? शिवाय एका कडेला दोन ओळी चर आधीच मारून झालेत, त्यांचं काय करायचं?

माळरान_सांगली:
कंपनीला आकडा लागतो, जागा नाही. ओढ्याचे दोन्ही काठ, शाळेचं आवार, स्मशानभूमी, वस्तीचे रस्ते, बांध द्या त्यांना. तिथं करंज, लिंब, वड, चिंच लावू देत, उंदीरमारी नको. दहा हजार बसणार नाहीत, दीड-दोन हजार जगलेली दाखवा. उरलेल्या पैशात माळासाठी दोन कामं मागा: उन्हाळ्यात वणवा रोखायला जाळरेषा (गवत काढून ठेवलेला पट्टा), आणि मेंढरांच्या पाण्याचा हौद.

चराई पूर्ण बंद करू नका. जून ते गवताचं बी गळेपर्यंत माळाचा तिसरा हिस्सा राखा, दरवर्षी हिस्सा बदला. हिवरे बाजारला चराईबंदी करून विळ्यानं कापून नेतात, तेही चालतं, पण तुमच्याकडं मेंढपाळ घरं आहेत तर फिरती राखणच पटेल. कुठला हिस्सा कधी, ते सासऱ्यांनीच ठरवावं.

चरातला निघालेला मुरूम पाऊस लागायच्या आत परत आत ओढून घ्या, वर कुसळी-पवन्याचं बी फेका. पण मजूर नेण्याआधी त्या चार अंड्यांतून पिल्लं निघालीत का बघा. नसतील तर तेवढा तुकडा पिल्लं बाहेर पडेपर्यंत तसाच राहू दे.