मदत हवी आहे: चतुर्थीला श्रीखंड-पुरी की उकडीचे मोदक? लवकर सांगा

बल्लव_नवशिका
नमस्कार मंडळी. यंदा गणपती आमच्याकडे आहे आणि स्वयंपाक मी करणार आहे. दोन मेनू डोक्यात आहेत.

पहिला: श्रीखंड-पुरी, बटाट्याची पिवळी भाजी, मसालेभात, काकडीची कोशिंबीर. नैवेद्याचे २१ मोदक विकत.

दुसरा: उकडीचे मोदक घरी, अळूचं फदफदं, वरणभात, कोथिंबीरवडी, पंचामृत, ओल्या नारळाची चटणी.

बायको म्हणते पहिला कर आणि मोकळा हो. मला दुसरा करायचाय. पाककृती नकोत, त्या ढिगाने मिळतात. फक्त कोणता ते सांगा. उद्या सकाळी वाण्याकडे यादी द्यायचीय.

चमचाभर
किती माणसं?

माजघर
माणसं किती, शेगड्या किती, मदतीला कोण, आणि मोदक आधी कधी केलेत का? एवढं कळल्याशिवाय जो कोणी 'हा करा' म्हणेल तो ठोकून देतोय असं समजा.

कोकणकन्या
ताई, उकडीचेच करा! चतुर्थीला उकडीचे मोदक नाहीत म्हणजे काय? पात्रात खाली हळदीचं पान घाला, वास सगळ्या घरात दरवळतो. आमच्याकडे परसातच आहे. साचा मात्र अजिबात वापरू नका, साच्यातला मोदक कारखान्यातला वाटतो.

बल्लव_नवशिका
ताई नाही हो, दादा. माणसं १८. शेगडी नेहमीचीच.

माजघर
नेहमीची म्हणजे? दोन बर्नर की चार? बाकीच्या दोन प्रश्नांना बगल दिलीत.

बल्लव_नवशिका
दोन. एक मोठा, एक बारीक. मदतीला बायको, पण ती पूजेचं बघणार. गुरुजी साडेदहाला येणार आहेत, पंगत एकला.

तिरकस
१८ माणसं, दोन बर्नर, एक बल्लव. दुसरा मेनू म्हणजे गणपतीच्या आधी तुमचंच विसर्जन. गुपचूप श्रीखंड करा.

निवांत७१
मूर्ती शाडूचीच घ्या. प्लास्टर ऑफ पॅरिसची पाण्यात विरघळत नाही. आम्ही घरीच बादलीत विसर्जन करतो आणि ती माती कुंड्यांत घालतो. जास्वंद काय फुलते म्हणता!

चमचाभर
निवांतकाका, मूर्तीचं कोणी विचारलंय?

निवांत७१
विचारलं नाही म्हणून सांगू नये असं आहे का?

माजघर
बल्लवदादा, चौथा प्रश्न. मोदक आधी केलेत का?

बल्लव_नवशिका
पाहिलेत. आई दरवर्षी करते. सारण ढवळायला आणि नारळ खोवायला मीच असतो.

माजघर
म्हणजे नाही. आणि यंदा आई कुठे आहेत?

बल्लव_नवशिका
इथेच. उजव्या मनगटाला प्लास्टर आहे, चतुर्थीनंतर निघेल. म्हणून तर सगळं माझ्याकडे आलं. तिचं म्हणणं विकतचे आणा, देवाला काय ते कळतं. पण म्हणताना तोंड असं केलं की मी ऐकूनच घेतलं नाही.

तिरकस
हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं राव. आता आमची मतं बदलावी लागणार.

कोकणकन्या
बघा! आईंसाठी तरी कराच. आणि नैवेद्याला विकतचे मोदक मला तरी पटत नाहीत.

झणझणीत
न पटायला काय झालं? ज्याला जमत नाही त्याने काय करावं? आमच्या घरी आजोबांच्या काळापासून तळणीचे मोदक असतात, देवाने कधी परत पाठवले नाहीत. दादा, तळणीचे करा. सुक्या खोबऱ्याचं सारण घातलं की दोन दिवस आधी करून डब्यात भरता येतात. फुटले तर तेलात फुटतात, पाहुण्यांसमोर नाही.

कोकणकन्या
तळणीचा मोदक म्हणजे गोल करंजी.

झणझणीत
आणि उकडीचा म्हणजे गोड शिट्टीतला भात. आता बोला.

दोन_शिट्ट्या
भांडण संपलं की माझंही ऐका. मी २० वर्षं एकत्र कुटुंबात रांधलंय. सगळे गृहीत धरून चाललेत की श्रीखंड-पुरी सोपी आणि मोदक अवघड. घरातल्या चौघांसाठी हे खरं आहे. १८ जणांना उलटं होतं.

पुरी माणशी पाच धरा. ९० पुऱ्या. पीठ आधी भिजवाल, पण लाटायच्या आणि तळायच्या पंगत बसल्यावरच. आधी तळून ठेवलेली पुरी चामड्यासारखी होते, ती कोणी दुसऱ्यांदा मागत नाही. म्हणजे एक ते दोन तुम्ही कढईसमोर, बायको पोळपाटापाशी, वाढणार कोण? प्लास्टरवाली आई?

मोदक माणशी तीन धरा, ५४. नैवेद्याचे २१ त्यातच आले, ते आपणच खाणार असतो. पात्रात एका वेळी ११-१२ बसतात, १२ मिनिटं वाफ. पाच घाणे म्हणजे एक तास, तोही पंगतीच्या आधी. झाकून ठेवले की राहतात, वाढताना वरून तूप सोडलं की झालं. पान वाढायच्या वेळी शेगडीवर काय चालू असतं ते बघा, पदार्थाचं नाव बघू नका.

तिरकस
काकू, ५४ मोदक वळायला नवशिक्याला किती वेळ लागतो तेही सांगा ना.

दोन_शिट्ट्या
एकाला तीन मिनिटं धरली तर पावणेतीन तास. ते अवघड आहेच, नाही म्हणत नाही. म्हणून साचा घ्या. मिनिटाला एक निघतो.

कोकणकन्या
साचा नको म्हटलं ना मी.

दोन_शिट्ट्या
तुम्ही येणार आहात का वळायला?

चमचाभर
बल्लव, अजून दिवस आहेत. आज रात्री एक वाटी पिठीचे करून बघ. दहा होतील. ते फसले तर श्रीखंड, जमले तर मोदक. आम्हाला काय विचारतोस?

बल्लव_नवशिका
करतो. यादी एक दिवस पुढे ढकलली. बायको हसतेय.

बल्लव_नवशिका
(रात्री ११.५०) केले. फसले. दहातले सहा फुटले, सारण पात्राच्या तळाच्या पाण्यात जाऊन त्याचा गुळवणीसारखा रस्सा झाला. जे चार राहिले त्यांच्या कळ्या मिटल्या आणि ते लसणाच्या गड्ड्यासारखे दिसतायत. चव बरी आहे. फोटो टाकणार नाही.

माजघर
पिठी कुठली? ताजी दळलेली की पुड्यातली? उकड मळली कशी? सारण किती वेळ शिजवलं? आता तरी एका दमात सगळं लिहा.

बल्लव_नवशिका
पुड्यातली. पुडा गेल्या गणपतीचा होता बहुतेक, डब्यात शिल्लक होती. वाटीला वाटी पाणी. उकड भाजत होती म्हणून गार होऊ दिली, मग मळली. सारण गूळ विरघळेपर्यंत.

झणझणीत
पाणी कमी पडलं. सव्वा वाटी हवं.

कोकणकन्या
वाटीला वाटीच बरोबर. सव्वा वाटीने उकड सैल होऊन मोदक बसतो. अर्ध्या पाण्याऐवजी दूध घाला, पांढरे शुभ्र होतात.

दोन_शिट्ट्या
दोघीही बरोबर, पिठीवर असतं ते. जुनी पिठी कोरडी होते, पाणी जास्त पिते आणि तरी तिला चिकटपणा येत नाही. तो पुडा आधी टाकून द्या. आंबेमोहोर धुवा, सावलीत कपड्यावर वाळवा, बारीक दळून आणा, चाळून घ्या.

खरी चूक उकड गार केलीत ती. उकड गरमच मळायची असते. हात लावू नका, वाटीच्या बुडाला तेल लावून त्याने रगडायची. मग पाण्याचा आणि तेलाचा हात घेऊन मळायची, चमचाभर गोळा घेऊन कडा दाबून बघा, भेग पडली नाही की झाली. गार उकडीची पारी कळ्या पाडताना चिरते, तिथूनच सारण बाहेर येतं. बाकीचा गोळा ओल्या फडक्याखाली. पात्रात ठेवण्याआधी प्रत्येक मोदक पाण्यात बुडवून काढा.

सारणाचं: दोन वाट्या नारळाला एक वाटी गूळ. गूळ विरघळला म्हणजे झालं नाही, पाणी आटून गोळा होईपर्यंत परता. त्यापुढे गेलात तर चिक्की होते.

तिरकस
पाककृती नकोत असं म्हणणाऱ्याला अख्खी पाककृती मिळाली.

निवांत७१
उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या करा. हिरवी मिरची, जिरं, मीठ, थापून वाफवायच्या, वर कच्चं तेल. मला तर मोदकांपेक्षा त्याच आवडतात.

झणझणीत
काका, पहिल्यांदा कामाचं बोललात. आमच्याकडे निवगऱ्यांसाठी उकड मुद्दाम जास्त करतात.

कोकणकन्या
कोथिंबीर घालता का त्यात?

झणझणीत
घालतात की. लसूण नाही, नैवेद्याच्या दिवशी.

चमचाभर
निवगऱ्यांचा वेगळा धागा काढा रे. बल्लव, अळूचं काय? दुसऱ्या मेनूत तेही आहे. पानं चिरायची, देठं सोलायची, शेंगदाणे, डाळ भिजवायची. चिंच कमी पडली तर १८ जणांचा घसा खाजेल.

बल्लव_नवशिका
अळू आईला हवंय. तिला विचारलं. म्हणाली, मोदक करतोस तर अळू सोड, दोन्ही करायला तू काय आचारी आहेस?

माजघर
म्हणजे मोदक करायला आईंची हरकत नाही असं दिसतंय.

बल्लव_नवशिका
(दुसऱ्या दिवशी) दुसरी खेप झाली. गिरणीतून पिठी आणली. आई ओट्यापाशी खुर्ची टाकून बसली होती, डाव्या हाताने पारी कशी फिरवायची ते हवेत दाखवत होती. तिच्या बोटांचं बघून मी माझी उलटी फिरवली आणि पहिल्या दोघांची वाट लागली. तिसऱ्यापासून तिने माझा अंगठा धरून आत दाबला. 'मधे जाड ठेव, कडेला पातळ. तू उलटं करतोयस.' दहातला एक फुटला. कळ्या सात-आठच पडतात, तिच्या एकवीस असायच्या.

कोकणकन्या
साचा वापरला नाहीत ना? शाब्बास!

बल्लव_नवशिका
नैवेद्याचे २१ हाताने, बाकीचे साच्यात. ठरलं. पुऱ्या रद्द, अळू रद्द. मसालेभात, वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. कोथिंबीरवडी आदल्या दिवशी उकडून ठेवणार, सकाळी तळणार. सारण आदल्या रात्री फ्रीजमध्ये. श्रीखंड विकत आणतोय थोडं, काकांना उकडीचे आवडत नाहीत.

दोन_शिट्ट्या
काकांना मधुमेह वगैरे नाही ना? तेही नंतर सांगाल.

बल्लव_नवशिका
आहे. पण ते ऐकत नाहीत.

तिरकस
मोठा बर्नर कोणाला?

बल्लव_नवशिका
मोदकपात्राला. भात साडेबाराला, बारीक बर्नरवर. मोठ्या पातेल्याला जड बूड आहे, चालेल ना?

दोन_शिट्ट्या
बारीक बर्नरवर १८ जणांचा मसालेभात खाली लागेल आणि वर कच्चा राहील. उलटं करा. मोदकांना वाफच हवी असते, पाणी आधी उकळून घेतलं की पात्र बारीक बर्नरवर निभतं. आच मोठी हवी ती भाताला.

बल्लव_नवशिका
हे यादी द्यायच्या आधी कळलं ते बरं झालं. तांदूळ दीड किलो लिहिलाय. धन्यवाद सगळ्यांना. निवांतकाका, मूर्ती शाडूचीच सांगितलीय.

निवांत७१
बघा! उपयोग झाला ना?

मीच_ती
छान धागा. माझ्याकडे पण यंदा पहिल्यांदाच गणपती. दहा-बारा माणसं आहेत. पहिला मेनू करू की दुसरा? लवकर सांगा.

चमचाभर
शेगड्या किती?