दुब्रोवनिकचा तट: एकीकडे 12 मीटर, दुसरीकडे 60 सेंटीमीटर?

लश्करवाला: ग्वाल्हेरला आमच्या मंडळात किल्ल्यांवर स्लाइड-शो आहे. आपला किल्ला सगळ्यांना तोंडपाठ, म्हणून जोडीला क्रोएशियातलं दुब्रोवनिक घेतलंय. लव्रियेनाक किल्ल्याची भिंत समुद्राकडे 12 मीटर जाड आणि शहराकडे जेमतेम 60 सेंटीमीटर, असं वाचलं. छपाईची चूक आहे का? आणि शहराला पाणी कुठून? आपल्याकडे गडावर कुंडं आहेत, तिथे बाहेर सगळं खारं.

बुरूजबंद: आकडे बरोबर आहेत. लव्रियेनाक मुख्य तटाबाहेर, 37 मीटर उंच खडकावर एकटा उभा आहे. आतला किल्लेदार फिरला तर शहराला त्याच्यावर तोफ डागता यावी, म्हणून ती बाजू मुद्दाम पातळ ठेवली. दुब्रोवनिक तेव्हा स्वतःच एक प्रजासत्ताक होतं, आणि याच अविश्वासापोटी त्याचा प्रमुखसुद्धा एकाच महिन्यासाठी निवडला जाई आणि तेवढे दिवस सरकारी कामाशिवाय वाड्याबाहेर पडत नसे.

स्लाइडवर 'तट 6 मीटर जाड' एवढंच लिहू नका, तिथेच बहुतेकांची गफलत होते. 1,940 मीटरच्या मुख्य तटाची जाडी जमिनीकडे 4 ते 6 मीटर, समुद्राकडे दीड ते 3 मीटर. तोफा आल्यावर उंच चौकोनी बुरूज कुचकामी ठरले, कारण सपाट भिंतीवर गोळा थेट बसतो. म्हणून मिन्चेता नावाच्या जुन्या चौकोनी बुरुजाभोवती गोल बुरूज बांधला. काम मिकेलोत्सो या वास्तुविशारदाने सुरू केलं, 1464 मध्ये युराय दाल्मातिनात्स या दुसऱ्या वास्तुविशारदाने पुरं केलं.

पाणचक्की: आधी पावसाचं पाणी हौदांत साठवत. पाऊस हुकला की हाल. मग ओनोफ्रियो देल्ला कावा या इटालियन बांधकाम्याकडून सुमारे 12 किलोमीटरचा पाट बांधून घेतला आणि 1438 मध्ये शुमेतच्या झऱ्यांचं पाणी निव्वळ उतारावर आत आणलं. तटाच्या पिले नावाच्या दरवाजातून शिरताच 16 तोट्यांचं कारंजं दिसतं, ते याच पाण्याचं. पण पाट तटाबाहेरून येतो, म्हणजे वेढा घालणारा पहिला घाव तिथेच घालणार.

लश्करवाला: मग एवढा तट कधी कसाला लागला का?

बुरूजबंद: लागला, पण शतकानुशतकं शहर वाचलं ते मुख्यतः पैशावर आणि वकिलातीवर. उस्मानी सुलतानाला 1481 पासून वर्षाला 12,500 डुकाट (सोन्याची नाणी) खंडणी जात होती. लव्रियेनाकच्या दारावर मात्र कोरलंय की सगळ्या सोन्याच्या मोबदल्यातही स्वातंत्र्य विकू नये. (विकलं नाहीच म्हणा, हप्ते भरले.) 6 एप्रिल 1667 च्या भूकंपात आतलं शहर कोसळलं, तट बराचसा टिकला. 1806 मध्ये फ्रेंच फौज आत आली ती दरवाजे उघडल्यावर. 1808 मध्ये प्रजासत्ताकच बरखास्त झालं.

पाणचक्की: आणखी एक, 1377 चा कायदा विसरू नका: प्लेगच्या भागातून आलेल्यांनी महिनाभर म्र्कान बेटावर किंवा जवळच्या त्साव्तात गावात थांबायचं, मगच शहरात. म्हणजे क्वारंटाइन. एक स्लाइड त्याचीही ठेवा, कोविडनंतर ती कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.