पूडलचा कोकणातला पहिला पावसाळा: गाठी, कुबट वास आणि चकोट करण्याचा सल्ला

बोंडूची आई (चिपळूण)

नमस्कार मंडळी. आमचा बोंडू ११ महिन्यांचा मिनिएचर पूडल, म्हणजे कुरळ्या केसांचा छोटा कुत्रा. रंग पिकलेल्या काजूच्या बोंडासारखा, म्हणून हे नाव. मे अखेरपर्यंत त्याचे केस कापसासारखे होते. संध्याकाळी पाच मिनिटं ब्रश फिरवला की झालं. जून लागला आणि सगळं बिनसलं. ब्रश वरून छान फिरतो, बोंडू फुललेला दिसतो, पण काखेत हात घातला की काथ्याच्या गोळ्यासारखी गाठ लागते. कानांमागे दोन, गळपट्ट्याखाली एक. रविवारी आंघोळ घातली, वाटलं शाम्पूने गाठी मऊ पडतील. वाळल्यावर त्या आणखी घट्ट झाल्या.

इथे सध्या दोरीवरचे टॉवेल तीन-तीन दिवस वाळत नाहीत. हा दिवसातून तीनदा पाय आणि पोट भिजवून येतो. परवापासून कुबट वासही येतोय.

ओळखीतले एक जण म्हणाले, पावसाळाभर पूर्ण चकोट करून टाका. सासूबाई म्हणतात, खोबरेल तेल लावू या. माझ्या लेकीचे कमरेपर्यंतचे केस त्यांनीच वाढवलेत, म्हणून त्यांना एकदम नाही म्हणवत नाही. काय करू? आणि मुळात हे अचानक का झालं?

मिशीची मावशी (पुणे)

ताई, अचानक का झालं ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही स्वतःला दोष देणार नाही. साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान पूडलचे पिल्लाचे मऊ केस जातात आणि मोठ्या कुत्र्याचे दाट, राठ केस येतात. लॅब्रॅडॉरचे गळलेले केस सोफ्यावर दिसतात. पूडलचे तिथेच कुरळ्यांत अडकून राहतात आणि नव्या केसांना पीळ घालतात. बोंडूचा हा बदल नेमका पावसाळ्यात आलाय. काही महिने त्रासाचे आहेत, मग हाताला बसतं.

आमची पूडल मिशी आता १३ वर्षांची आहे. तिच्या पहिल्या जुलैत मी हेच केलं होतं. गुंते न सोडवता आंघोळ, वरवर टॉवेल, मग बाल्कनीत. आठ दिवसांनी ती मांडी चाटत बसायला लागली. केस कापायचं मशीन लावल्यावर केसांचा अख्खा थर नमद्यासारखा निघाला आणि खाली रुपयाएवढी ओली, लाल जखम. हात लावला तर ती कळवळायची. त्या दिवसापासून मी तिचे केस डोळ्यांनी तपासणं सोडलं, बोटांनी तपासते.

ब्रश वरून फिरतो म्हणजे तो मुळापर्यंत पोचतच नाही. बोंडूला टेबलावर रबरी मॅट टाकून उभा करा. पाण्यात थोडं कुत्र्यांचं कंडिशनर मिसळून केसांवर हलका फवारा मारा, कोरडे केस विंचरले की तुटतात. मग पायाच्या पंजापासून सुरुवात. एका हाताने वरचे केस दाबून धरायचे, खाली कातडीची रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेपासून स्लिकर ब्रशने (बारीक तारांचा ब्रश) बाहेरच्या दिशेने विंचरायचं, हाताने एक बोटभर वरचे केस सोडायचे, पुन्हा नवी रेघ. असं करत पाठीपर्यंत. स्लिकरच्या तारा कातडीवर घासू देऊ नका, पुरळ उठल्यासारखी लाली येते. शेवटी धातूची फणी मुळाशी टेकवून टोकापर्यंत ओढा. ती कुठेही अडकली नाही, तरच तो भाग झाला. मला मिशीला अर्धा तास लागतो. सध्या रोज करा, पुढे दिवसाआड चालेल. एका बैठकीत तो कंटाळला तर आज मागचे पाय, उद्या पुढचे.

गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, बोटांनी उभी फाडत लहान करा आणि फणी टोकाकडून लावत मुळाकडे या. कात्री नको, हे मी हात जोडून सांगते. गाठ कातडी आत ओढून घेते आणि आपल्याला वाटतं केसच कापतोय. कातडीला चिकटलेली गाठ मशीननेच काढायची. सोडवण्याच्या हट्टापायी त्याला रडवू नका, केस परत येतात.

आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा आणि गुंते पूर्ण सुटल्यावरच. पाणी लागलं की गाठ आवळते, ते तुम्ही पाहिलंच. माणसांचा शाम्पू नको. जाड टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी पंचा दाबून पाणी टिपा. मग हेअर ड्रायर, आपल्या मनगटाला सोसेल इतकाच कोमट, आणि त्याच वेळी ब्रश. केस सरळ होतात तेव्हा घाबरू नका, दमट हवेत थोड्याच वेळात पुन्हा वळतात. काखा, जांघा, शेपटीखाली आणि बोटांच्या बेचक्या शेवटी बोट घालून बघा. वरून कोरडा आणि आत गार लागला, तर तो ओलाच आहे.

फिरून आल्यावर रोज आंघोळ नको. पाय आणि पोट साध्या पाण्याने धुऊन ड्रायर पुरे. घरात गळपट्टा काढून ठेवा, गळ्याची गाठ त्याच्याच घासण्याने झाली आहे. पावसाच्या धास्तीने त्याला कोंडूनही ठेवू नका. पाण्यात पडलेली शिकार काढून आणण्यासाठीच ही जात वाढवली गेली, ती पाण्यात रमतेच.

चकोट करू नका. मशीनचं १० नंबरचं ब्लेड दीड मिलिमीटर केस ठेवतं, त्यात डास आणि खरचटणं थेट कातडीला. गुंते जिथे सुटण्यासारखे आहेत तिथे मशीनला गार्ड (जोडायचा कंगवा) लावून अंगावर १० ते १२ मिलिमीटर ठेवायला सांगा. पोट, जांघा, गुदाभोवती आणि तळव्यांच्या गाद्यांमध्ये मात्र अगदी बारीक.

तेलाला मात्र नाहीच म्हणा. त्याला धूळ चिकटते, ओल आत राहते आणि तो दिवसभर अंग चाटत बसतो. पण सासूबाईंना फणी जरूर द्या. ज्या हातांनी कमरेपर्यंतचे केस न दुखवता सोडवलेत, तसे हात बोंडूला दुसरीकडे मिळणार नाहीत.

पशुवैद्य, सांगली

वरचा प्रतिसाद नीट वाचा. माझी भर वासापुरती. आधी वास कुठून येतो ते शोधा. पूडलचे कान लोंबते आणि आत केस, त्यामुळे पावसाळ्यात यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढतं. कान उचलून हुंगा. आंबूस वास, तपकिरी मळ किंवा सतत डोकं झटकणं असेल, तर घरात पडलेले जुने थेंब टाकू नका. कानाचा पडदा शाबूत आहे की नाही हे पाहिल्याशिवाय औषध घालणं धोक्याचं. कान निरोगी असेल तर आतले केस उपटायची गरज नाही. औषधी शाम्पू लिहून दिला तर फेस अंगावर १० मिनिटं राहू द्या. टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी आहे, कुणी सुचवलं तरी नको.

दाट कुरळ्यांत गोचीड दिसत नाही. कानाच्या घडीत आणि बोटांमध्ये रोज चाचपा. ताप, खाणं सोडणं, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डबक्यांतून फिरतो म्हणता, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा आजार) लस वर्षाच्या आत झालीय का तेही बघा.

संत्रानगरी

आम्ही नागपुरात, आमची अडचण उलटी. पहिल्या मे महिन्यात उन्हाळा म्हणून आमच्या लाडूला पार तासून घेतलं. गच्चीवर थोडा वेळ खेळला आणि पाठ लालभडक. कुत्र्याला घाम तळव्यांनाच येतो, बाकी तो धापा टाकूनच गार होतो, त्यामुळे केस तासून मोठा गारवा मिळत नाही हे मला नंतर समजलं. आता उन्हाळ्यात एक इंच ठेवतो आणि पहाटे साडेपाचला फिरवून आणतो. थंडीत आमच्याकडे गुंते होतात ते स्वेटरखाली. रात्री स्वेटर काढून विंचरल्याशिवाय झोपवत नाही.

बोंडूची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. नऊ दिवसांनी लिहितेय. काखेतल्या गाठी मशीननेच काढाव्या लागल्या, खाली कातडी गुलाबी होती पण जखम नव्हती. वास डाव्या कानाचा निघाला, यीस्टच. थेंब चालू आहेत. लेप्टोची लस राहिली होती, ती परवा दिली.

फणी सासूबाईंकडे आहे. दुपारी जेवणं झाली की ओटीवर पाट मांडतात, बोंडू आपणहून जाऊन उभा राहतो. कानांमागच्या गाठी त्यांनी चार दिवसांत, एकही केस न कापता सोडवल्या. उजव्या मागच्या पायाच्या बेचक्यात अजून एक आहे, तिथे तो पाय ओढून घेतो. मावशी, त्या जागी फणी कशी धरायची ते जरा सांगाल का?